हेवी मेटल संगीत ऐकणं सुटून बरीच वर्षं झाली. आता नवीन कोणते अल्बम ऐकावेत? जुन्याची सर आहे का त्यांना?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. लिहायला बसलोय ते दुसऱ्या भागासाठी. 'जुन्याची सर आहे का' हे मी वीस वर्षं माझ्या आतेभावाच्या तोंडून ऐकत आलोय आणि अजूनही ऐकलं की डोकं तापतं. उत्तर आधीच देऊन टाकतो: आहे. काही ठिकाणी जुन्यापेक्षा जास्त आहे.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. १९९८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी डोंबिवलीला आत्याकडे होतो, तेव्हा त्याने मला टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली. एका बाजूला डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक', दुसऱ्या बाजूला सेपल्टुरा या बँडचा 'अराइज'. मी जे काही आजवर ऐकलं त्याचं मूळ त्या कॅसेटमध्ये आहे आणि हे ऋण मी कधीच नाकारलेलं नाही.

तर, 'अराइज' पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूत व्यवस्थित बसतो. 'सिम्बॉलिक' बसत नाही, तो पन्नास मिनिटांच्या थोडा वर जातो. त्यामुळे शेवटचं गाणं, 'पेरेनियल क्वेस्ट', सुरू होऊन अडीच-पावणेतीन मिनिटं झाली की खट्ट आवाज यायचा आणि टेपचं बटण वर. माझ्यासाठी आठ वर्षं तो अल्बम तिथेच संपत होता. २००६ मध्ये हॉस्टेलवर एकाकडे एमपीथ्री सापडल्या तेव्हा कळलं की ते गाणं आठ मिनिटांच्या वर आहे, आणि शेवटी ड्रम, ओरडणं, सगळं ओसरून नुसती गिटार उरते आणि हळूहळू विरत जाते. मी रात्री अकराला दादाला फोन केला. त्यानेही ज्या कॅसेटवरून माझी भरली होती ती तशीच तुटलेली होती. म्हणाला, "हो का? एवढंच राहिलं होतं ना?" आणि दुसरा विषय काढला. ते पाच मिनिटांचं संगीत त्याने माझ्याकडे कधी मागितलं नाही.

तोपर्यंत त्याचं ऐकणं थांबलंच होतं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला गर्दीत उभा राहिलेला माणूस तो. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले, त्याची शिफ्टची नोकरी लागली, लग्न झालं. हे सगळं मी समजू शकतो. न समजण्यासारखं एवढंच की आपण थांबलो असं तो म्हणाला नाही, मेटल थांबलं म्हणाला. १३ डिसेंबर २००१ ला डेथ बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनर गेला आणि दादाच्या लेखी डेथ मेटल हा मेटलचा अख्खा प्रकारच त्या दिवशी संपला. हे वाक्य त्याने किती वेळा ऐकवलं असेल याची गणती नाही.

२०१७ च्या गणपतीत आमच्या घरी तो आला होता. डेमॉनिक रेझरेक्शनचा 'दशावतार' नुकताच आला होता. मुंबईचा बँड, साहिल मखिजाने २००० साली सुरू केलेला. विष्णूच्या दहा अवतारांवर एकेक गाणं. मला वाटलं, याला हे आवडणारच. मी 'मत्स्य' लावलं. मिनिटभरही झालं नसेल, दादाने उठून स्पीकरची पिन काढली आणि सगळ्या भावंडांसमोर म्हणाला, "आपल्याकडची पोरं नक्कल करतात रे. तू अजून यातच आहेस?"

ती पिन काढलेली मी विसरलेलो नाही.

पुढची सात वर्षं मी त्याला एकही अल्बम सुचवला नाही. मग २०२४ ला, तुळशीचं लग्न झाल्यावर, कोल्हापूरला एक लग्न होतं. गाडी माझी, चालवणारा मी, दादा शेजारी, वहिनी आणि मुलं मागे झोपलेली. शिरवळ सोडल्यावर मी काही न बोलता ब्लड इन्कँटेशन या बँडचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' लावला. बँडचं नाव सांगितलं नाही, साल सांगितलं नाही.

हा अल्बम म्हणजे दोनच गाणी आहेत, प्रत्येकी वीस मिनिटांच्या पुढची, आणि प्रत्येकाचे तीन तुकडे. बँड डेन्व्हरचा, रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतलं. सुरुवात अस्सल डेथ मेटल: ब्लास्ट बीट म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, खालच्या पट्टीतला ग्रोल म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, आणि रिफवर रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या धुना. दादा खिडकीबाहेर बघत होता. आणि मग काही मिनिटांतच सगळं एकदम मोकळं होतं, सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येतो, गिटार तरंगायला लागते. दुसऱ्या तुकड्यात तर टँजरीन ड्रीम या जर्मन सिंथ बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग स्वतः सिंथवर आहे. आम्ही तेव्हा खंबाटकी घाट चढत होतो, पुढे उसाचा रिकामा ट्रॉला पहिल्या गिअरमध्ये, ओव्हरटेकला जागा नाही. दादाचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि दोन बोटं चालू झाली होती. घाट संपेपर्यंत ती थांबली नाहीत.

दुसरं गाणं अर्ध्यात आल्यावर त्याने विचारलं, "हे कधीचं? त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं वाटतंय. तेव्हा कसं सुटलं माझ्याकडून?"

"गेल्या महिन्यातलं," मी म्हटलं. "ऑक्टोबरला आलाय."

आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "चांगलंय. पण जुन्यासारखं आहे म्हणून चांगलंय."

याच वाक्याशी माझं भांडण आहे. तुमच्या प्रश्नातही तेच दडलेलं आहे म्हणून तुम्हालाही सांगतो. दादा ज्याला देव मानतो त्या शुल्डिनरचा १९८७ चा 'स्क्रीम ब्लडी गोर' लावा आणि लगेच १९९५ चा 'सिम्बॉलिक' लावा. आठ वर्षांत तो माणूस कुठून कुठे गेला! जवळजवळ दर अल्बमला वादक बदलले. 'ह्यूमन' या अल्बमला सिनिक बँडची दोन तरुण पोरं घेतली आणि संगीताचा बाजच बदलून टाकला. एका जागी थांबणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याच्या नावाने थांबून बसणं हा त्याचा मान नाही. आणि ब्लड इन्कँटेशन जुन्यासारखं मुळीच नाही. १९९३ साली कोणी डेथ मेटलच्या मधोमध जर्मन सिंथ संगीताला वीस-वीस मिनिटांत एवढी ऐसपैस जागा दिली असेल तर मला दाखवा. दादाला मी हे सातारा ते कराड बोलून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं, मान्य केलं नाही.

बरं, आता अल्बम.

पहिला वरचाच. दुसरा अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' (२०२४). न्यूझीलंडच्या ऑकलंडचे तिघंच जण आहेत, पण आवाज दरड कोसळल्यासारखा. याचा जीव ड्रममध्ये आहे. जेमी सेंट मेरात ताल नुसता धरून ठेवत नाही, तो गाण्याचा रस्ता बदलत राहतो. पहिल्यांदा सगळा गोंधळ वाटेल. तिसऱ्यांदा ऐकताना फक्त झांजांकडे लक्ष ठेवा, बाकीचं आपोआप जागेवर बसतं. मला स्वतःला गेल्या पाच वर्षांतला सर्वात मोठा अल्बम हाच वाटतो.

तिसरा, बेल विचचा 'द क्लँडेस्टाइन गेट' (२०२३). एकच गाणं, ८३ मिनिटं, दोन माणसं. गिटार नाहीच, बेस, ड्रम, ऑर्गन आणि गळा. डूम, म्हणजे अगदी संथ, जड मेटल आवडत असेल तरच याच्या वाटेला जा. रात्री, दिवे घालवून, मध्ये फोन न बघता.

आपल्याकडचे म्हणाल तर बंगळुरूच्या क्रिप्टोसचा 'डेसिमेटर' (२०२४) बिनधास्त कोणालाही द्या. ज्यांना जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन असे जुने हेवी मेटल बँड आवडतात पण ग्रोलमध्ये बुडायचं नाही त्यांच्यासाठी तर हाच. १९९८ पासून हे लोक निष्ठेने एकच काम करतायत. मुंबईच्या गटस्लिटचा 'कार्नल' (२०२३) हे ब्रुटल डेथ, म्हणजे डेथ मेटलचा आणखी आडदांड प्रकार आहे, नाजूक कानांचं काम नाही. साहिल मखिजाचा डेमनस्टीलर या नावाने आलेला 'द प्रोपगंडा मशीन' (२०२३) घ्या. त्यात जगभरचे वेगवेगळे ड्रमर आणि बेसिस्ट आहेत आणि विषय खोट्या प्रचाराचा आहे. नक्कल म्हणणाऱ्याने तो पूर्ण ऐकावा आणि मग बोलावं. मुंबईच्याच डर्जचा 'आह पूच' २०१८ चा आहे, म्हणजे फार नवा नाही, पण तुम्ही थांबलात त्यानंतरचा असणार. माया लोकांच्या मृत्युदेवाच्या नावाचा संथ, चिखलासारखा जड अल्बम. आमच्या शहरातून असं काही निघालं याचा मला अभिमान आहे.

आणि हे विकत घ्या. स्ट्रीमिंगवर ऐकून 'भारी आहे' म्हटल्याने बँडच्या हातात जवळपास काही पडत नाही. बँडकडून थेट संगीत विकत घ्यायच्या बँडकँप या साइटवर डिजिटल अल्बम घेतला तर साइट साधारण १५ टक्के कापते आणि कार्डाचं शुल्क जातं, बाकी बँडला. बँडकँप फ्रायडे जाहीर झालेला असेल त्या दिवशी साइट आपला वाटाही सोडते. दादा म्हणतो, हवेतल्या फाइलीला कोण पैसे देतो. पण कोरी टीडीके त्यानेही पैसे देऊनच आणली होती, आणि त्यातला एक पैसाही शुल्डिनरला गेला नव्हता. आता निदान तो वादकापर्यंत पोचवायची सोय आहे.

मित्राला सुचवायचं असेल तर यादी पाठवू नका. दहा नावं आली की माणूस एकही ऐकत नाही. एक अल्बम निवडा, शेजारी बसा, साल सांगू नका. आणि ज्याला संपूर्ण अल्बम ऐकायची तयारी नाही त्याचं मत विचारात घेऊ नका, मग तो वयाने कितीही मोठा असो.

काही गोष्टी राहिल्या. मी मुख्यतः डेथ आणि डूम ऐकतो, ब्लॅक मेटलसाठी माझ्यावर विसंबू नका. त्यात एक काळजी मात्र घ्या: त्या प्रकारात काही बँड उघडपणे नाझी विचारांचे आहेत, पैसे देण्याआधी कोणाचा आहे ते बघून घ्या. अल्सरेटने सुरुवात करू नका, खरं तर हे वरच सांगायला हवं होतं. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच ऐकू नका, बेस गेला की अर्धं संगीत गेलं. हेडफोनचा आवाज मात्र बेताचा ठेवा, मोठ्या आवाजाने कान कायमचे वाजत राहू शकतात.

कोल्हापुरात उतरताना दादाने बँडचं नाव विचारलं. मी सांगितलं, त्याने ते फोनमध्ये टिपून घेतलं, आणि मांडवात शिरल्यावर मावसभावाला म्हणालाच, "आजकालचं काही ऐकवत नाही रे."

तुम्ही शेवटचा पूर्ण ऐकलेला अल्बम कोणता आणि तो कुठल्या साली, ते खाली लिहा. त्यावरून यातला कोणता आधी लावायचा ते नेमकं सांगता येईल.