'आशिष मागे' : हे 'मागे' पाठीमागचं नव्हे

प्रश्न असा आहे : तिसरीतल्या एका मुलाने राष्ट्रगीतातल्या 'तव शुभ आशिष मागे'चा अर्थ 'तुझा आशीर्वाद मागे उभा आहे' असा लावला. 'गाहे' त्याला 'आहे'चंच रूप वाटलं. त्याला काय सांगावं?

आधी त्याला शाबासकी द्यावी. गीत नुसतं पाठ न करता त्याने अर्थ लावून पाहिला, आणि तोही मराठी कानाने. अडचण एवढीच की गीत बंगालीत आहे. जन, गण, मन, भाग्य, विधाता हे शब्द संस्कृत, आपल्याही घरातले. म्हणून ते परक्या भाषेतलं वाटत नाही. क्रियापदं मात्र बंगाली आहेत : जागे, मागे, गाहे. म्हणजे जागतो, मागतो, गातो.

मराठी मुलाला हे पटवायला बंगाली शिकवावी लागत नाही. 'तुका म्हणे' त्याला ठाऊक असतं. म्हणे म्हणजे म्हणतो. तसंच मागे म्हणजे मागतो. आपल्या जुन्या मराठीतही वर्तमानकाळ असाच होता, आणि 'देव जाणे' म्हणताना आपण तो आजही वापरतो. 'गाहे'तला ह तेवढा आपल्याकडे नाही; रोजच्या बंगालीतूनही तो आता गळला आहे.

मग विचारावं, जागतं कोण? मागतं कोण? इथे खरी गंमत आहे. कर्ता आधीच्या ओळींत पसरलेला आहे : पंजाब, सिंधु, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग, मग विंध्य, हिमाचल, मग यमुना, गंगा, आणि शेवटी 'उच्छल जलधितरंग', म्हणजे उसळत्या समुद्राच्या लाटा. (उत्कल म्हणजे ओडिशा. मराठा म्हणजे इथे मराठी मुलूख.) शाळेत ही नावं यादीसारखी घोकली जातात, पण ती यादी नाही, एका लांब वाक्याचा कर्ता आहे. प्रदेश, डोंगर, नद्या, समुद्र सगळे तुझ्या शुभ नावाने जागे होतात, तुझा शुभ आशीर्वाद मागतात, तुझी जयगाथा गातात. इतके जण असूनही क्रियापद 'जागे'च राहतं, कारण बंगालीत ते वचनाप्रमाणे बदलत नाही.

'नामे'तला ए हा प्रत्यय आहे. 'नावाने' म्हणताना आपला 'ने' जे काम करतो, ते इथे तो करतो.

विचारलं नाही, तरी 'जय हे'बद्दल सांगतो, कारण वहीत ते हमखास 'जय है' होतं. हे 'हे' हाकेचं आहे, 'हे देवा'मधलं. हाक भारताच्या भाग्यविधात्याला आहे. रवींद्रनाथांचं हे गीत २७ डिसेंबर १९११ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायलं गेलं. मूळ कडवी पाच. त्यांतलं पहिलं २४ जानेवारी १९५०ला राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं गेलं. तिसरं कडवं शाळेत कुणी म्हणत नाही, पण मुलाला एकदा जरूर ऐकवावं. त्यात त्याच भाग्यविधात्याला 'हे चिरसारथि' अशी हाक आहे : चढउतारांच्या वाटेवरून युगानुयुगं यात्रेकरू धावताहेत, आणि त्याच्या रथाच्या चाकांनी ती वाट रात्रंदिवस दुमदुमते आहे.