३क्ष² − ५क्ष − ४ = ० : विवेचक −२३ कसा आला आणि सूत्र कुठून येते

आपण लिहिले आहे की ३क्ष² − ५क्ष − ४ = ० हे वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना वर्गमुळाखालची राशी, म्हणजे विवेचक, −२३ आली, म्हणून आपण ‘वास्तव मुळे नाहीत’ असे उत्तर लिहिले; उत्तरसूचीत मात्र दोन मुळे दिली आहेत. हे सूत्र मुळात येते कुठून, असेही आपण विचारले आहे. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की पहिल्यासारखी चूक सहसा होत नाही, तरी आधी चूकच पाहू.

अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाची मुळे (−ब ± √(ब² − ४अक)) / (२अ) अशी मिळतात. येथे अ = ३, ब = −५ आणि क = −४. आपण क ची किंमत ४ धरून २५ − ४८ केले आहे. सहगुणक नेहमी त्याच्या चिन्हासह उचलायचा असतो; तसा उचलला की −४ × ३ × (−४) म्हणजे +४८ येतात आणि विवेचक २५ + ४८ = ७३ होतो. त्याचप्रमाणे −ब म्हणजे −(−५), अर्थात +५. म्हणून मुळे (५ + √७३)/६ आणि (५ − √७३)/६, म्हणजे सुमारे २.२५७ आणि −०.५९१.

खरे तर −२३ दिसताच आपल्याला शंका यायला हवी होती. अ आणि क यांची चिन्हे विरुद्ध असतील तर −४अक धन असते आणि ब² कधीच ऋण नसतो, त्यामुळे अशा समीकरणाचा विवेचक धनच येणार, हे आकडेमोड न करताही सांगता येते.

आता सूत्राची व्युत्पत्ती. बहुतेक पुस्तकांत प्रथम अ ने भागून पूर्ण वर्ग करतात; त्यात अपूर्णांक शिरतात आणि विद्यार्थी तिथेच गोंधळतो. मला भारतीय गणिती श्रीधराचार्यांची रीत अधिक आवडते. त्यांचा बीजगणितावरील मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात उद्धृत केल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली. रीत अशी की दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा. आपलेच समीकरण घेऊ. ३क्ष² − ५क्ष = ४ ला १२ ने गुणले की ३६क्ष² − ६०क्ष = ४८ मिळते; दोन्हीकडे २५ मिळवले की डावी बाजू थेट (६क्ष − ५)² होते आणि उजवीकडे ७३ उरतात. म्हणून ६क्ष − ५ = ±√७३. सूत्रातील ७३, ५ आणि ६ हे तिन्ही आकडे कुठून आले ते येथे डोळ्यांसमोर दिसते. आकड्यांऐवजी अक्षरे ठेवली तर हीच ओळ (२अक्ष + ब)² = ब² − ४अक अशी होते आणि सूत्र तयार होते. २अ ने संपूर्ण अंशाला भागायचे, केवळ वर्गमुळाला नव्हे, हेही त्यातूनच स्पष्ट होते. कृपया ही कृती वहीत दोन-तीन वेगवेगळ्या समीकरणांवर स्वतः करून पाहा. केवळ वाचून ती हातात बसत नाही.

पडताळ्यासाठी मुळे समीकरणात घालण्याची गरज नाही. मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ असतो. येथे २.२५७ − ०.५९१ = १.६६६, म्हणजे जवळजवळ ५/३. गुणाकार सुमारे −१.३३४, म्हणजे जवळजवळ −४/३. किंचित फरक दिसतो तो केवळ मुळे तीन दशांश स्थळांपर्यंत घेतल्यामुळे.

हाच गुणाकार आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. क्ष² − २००क्ष + १ = ० ची मुळे १०० ± √९९९९ आहेत. √९९९९ दोन दशांश स्थळांपर्यंत ९९.९९ घेतले तर लहान मूळ ०.०१ येते, जे खऱ्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट आहे, कारण दोन जवळच्या संख्यांच्या वजाबाकीत अचूक अंक नाहीसे होतात. अशा वेळी मोठे मूळ १९९.९९ आधी काढावे आणि गुणाकार १ असल्याने १ ला त्याने भागावे. लहान मूळ ०.००५०००३ येते, तर खरी किंमत ०.००५०००१ च्या आसपास आहे.