वाचकांचे प्रश्न : वयात येण्याआधीच बोलायचं ते

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे. आत्ताच पाळीबद्दल सांगितलं तर ती घाबरेल, असं घरातले म्हणतात. अजून किती थांबावं? आणि सांगायचं ते कसं?

उत्तर : थांबू नका. मुलींच्या शरीरातले बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू होतात. पहिली खूण बहुधा स्तनाग्राखाली लागणारी छोटी, दुखरी गाठ. ती पुष्कळदा आधी एकाच बाजूला येते. हे ठाऊक नसेल तर मुलगीच काय, आईसुद्धा हबकते. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी सुरू होते, म्हणजे गाठ लागली की हाताशी किती वेळ आहे याचा अंदाज येतो. घाबरायचं म्हणाल, तर काहीच माहीत नसताना कपड्यांवर रक्त दिसलं तर मुलगी जास्त घाबरते. आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय, असंच तिला वाटतं.

सुरुवात नावांपासून करा. 'शूची जागा' या शब्दात आपण सगळंच गुंडाळून टाकतो आणि मग लघवी व पाळीचं रक्त एकाच वाटेने येतं, हा समज मोठेपणीही जात नाही. कागदावर तीन ठिपके काढा : पुढे मूत्रमार्ग, मध्ये योनी, मागे गुदद्वार. मग सांगा, "पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते. बाळ वाढण्यासाठी तिच्यात आतून मऊ अस्तर तयार होतं. बाळ राहिलं नाही तर ते अस्तर लागत नाही, म्हणून ते रक्ताबरोबर योनीतून बाहेर पडतं." पहिल्या दिवशी एवढं पुरे. पुढचे प्रश्न ती स्वतःच घेऊन येईल.

पॅड तिच्या हातात द्या, निकरवर चिकटवून दाखवा, पाणी ओतून तो कसं शोषतो तेही बघू द्या. दर ४ ते ६ तासांनी बदलायचा, वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, संडासात नाही. दप्तरात दोन पॅड, एक निकर आणि कागद असलेली छोटी पिशवी आतापासूनच ठेवा. शाळेत पाळी आली तर कोणत्या बाईंना सांगायचं, तेही ठरवून ठेवा.

रक्त पाहून खूप वाटतं, पण एका पाळीत ते साधारण ३० ते ४० मिली, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे जातं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, शाळा बुडावी इतकं पोट दुखलं किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

घरात मुलगा असेल तर त्यालाही हे सगळं सांगा.

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलाची चादर सकाळी ओली असते. तो ती लपवतो. मी वडील आहे, पण विषय कसा काढू?

उत्तर : चादरीवरून काढू नका, पकडला गेलो असं त्याला वाटेल. समोर बसवूनही नको. दोघं कुठे चालत जाताना किंवा भांडी आवरताना बोला, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही. "तुझ्या वयात झोपेत वीर्य बाहेर येतं. आजार नाही. चादर धुवायला टाकत जा, कुणी काही विचारणार नाही." 'स्वप्नदोष' हा शब्द वापरूच नका, यात दोष कसलाच नाही. एका वेळी बाहेर येणारं वीर्य असतं २ ते ५ मिली, फार तर चहाचा एक चमचा. शुक्राणू रोज नव्याने तयार होत असतात. ना रक्त कमी होतं, ना अशक्तपणा येतो. हस्तमैथुनानेही येत नाही. ती खाजगी गोष्ट आहे, दार लावून करायची, एवढाच नियम सांगा.

याच गप्पांत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. वृषणात अचानक असह्य कळ आली, मळमळ किंवा उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुतेक वेळा वाचतं. मुलं लाजेपायी नुसतं "पोट दुखतंय" म्हणतात, सकाळपर्यंत थांबतात आणि वृषण गमावून बसतात. "रात्री दोन वाजता दुखलं तरी मला उठव," हे वाक्य तुमच्या तोंडून त्याने आधी ऐकलेलं असलं पाहिजे.

प्रश्न : मी १४ वर्षांचा मुलगा आहे. छातीत गाठ आली आहे, दुखते. मला काही झालंय का?

उत्तर : नाही. तुझ्या वयातल्या निम्म्याहून अधिक मुलांना असं होतं. हार्मोनचं प्रमाण बदलत असतं, त्याने होतं. सहा महिने ते दोन वर्षांत गाठ आपोआप जिरते. कुठलंही औषध किंवा मलम लावू नकोस, दाबून बघत राहू नकोस. फार वाढली, स्तनाग्रातून द्रव आला किंवा दोन वर्षांनंतरही राहिली तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : १६ वर्षांच्या मुलीचा मित्र तिच्या फोनचा पासवर्ड मागतो, उत्तर द्यायला उशीर झाला की चिडतो. ती म्हणते, हेच प्रेम. फोन काढून घेऊ का?

उत्तर : फोन काढून घेतलात तर मुलगा थांबणार नाही, तुम्हाला सांगणं तेवढं थांबेल. तो चांगला की वाईट, यावर वाद घालू नका. विचारा, "तू नाही म्हणालीस की तो काय करतो?" "मैत्रिणींना भेटायला जाताना त्याची परवानगी लागते का?" ही उत्तरं तिची तिलाच ऐकू येऊ द्यात. नकाराचं वाक्यही तयार करून द्या : "पासवर्ड मी कुणालाच देत नाही." त्यावर तो रुसला, धमकी दिली किंवा सतत फोन करू लागला, तर काय ओळखायचं ते ती ओळखेल.

होकाराबद्दलही स्पष्ट बोला. भीतीपोटी, नशेत किंवा "नाहीतर सोडून जाईन" ऐकून दिलेला होकार धरायचा नाही, आणि काल हो म्हटलं म्हणून आज म्हणावंच लागत नाही. निरोध गर्भधारणेबरोबर लैंगिक संसर्गाचा धोकाही कमी करतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, पण संसर्गापासून ती वाचवत नाही. माहिती दिली की मुलं तिकडे वळतात, ही भीती अनेक पालकांना असते. युनेस्कोच्या २०१८ सालच्या मार्गदर्शिकेत अभ्यासांच्या आधारे नेमकं उलट नोंदवलं आहे : लैंगिक शिक्षणाने संबंधांचं प्रमाण वाढत नाही.

कुणी तिच्या खाजगी फोटोवरून धमकावू लागलं तर पैसे द्यायचे नाहीत, दुसरा फोटो पाठवायचा नाही, संदेश पुसायचे नाहीत. आधी स्क्रीनशॉट ठेवायचे, मग तक्रार करायची आणि त्यानंतर त्याला ब्लॉक करायचं. हे तिला आजच सांगा. आणि ती कधी असं काही घेऊन आली, तर तुमचं पहिलं वाक्य "सांगितलंस हे बरं केलंस" असं असू द्या, "पाठवलासच का?" हे नको.