काहीही कळत नसताना विद्यार्थ्यांच्या चेंबर म्युझिक कॉन्सर्टला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वेगवेगळ्या देशांतून कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे म्युझिकच्या कॉलेजात, शिकायला आलेल्या मुलामुलींची स्ट्रिंग्ज आणि पियानोची कॉन्सर्ट आहे, प्रोग्रॅममध्ये हायडनचं स्ट्रिंग क्वार्टेट ओपस ३३ नंबर २ (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो), शोस्ताकोविचचा दुसरा पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन, चेलो) आणि शुमनचं पियानो क्वार्टेट (पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो) आहे, तुम्ही वेस्टर्न क्लासिकल समोर बसून कधी ऐकलेलं नाही. मग विद्यार्थीच वाजवणार तर जाण्यात अर्थ आहे का, गेलात तर लक्ष कशाकडे द्यायचं आणि टाळ्या कधी वाजवायच्या.

जा हो, बिनधास्त जा. आणि पहिल्यांदाच जाताय तर ऐकण्याचं टेन्शन घेऊ नका, बघायला जा. कोण कोणाकडे बघतंय तेवढं बघत राहिलात तरी अर्धं अधिक आपोआप ऐकू येईल.

हे मी कुठून सांगतेय ते आधी सांगते, कारण मी वाजवणारी नाही. पियानो मोठेपणी शिकायला घेतला, नोटेशन वाचण्यापर्यंत पोचले आणि हातांनी तिथेच संप केला. पण नोटेशन वाचता येतं म्हटल्यावर अशाच विद्यार्थ्यांच्या कॉन्सर्टमध्ये पियानोवाल्याच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून पानं उलटायचं काम मिळालं, ते मी सहा-सात वर्षं केलं. म्हणजे स्टेजवरची सगळ्यात भारी सीट आणि तीही फुकट, अट एवढीच की तुम्ही कोणाला दिसता कामा नये. वेळ आली की अर्धवट उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा, पियानोवाल्याने मान हलवली की उलटायचं आणि परत खाली. आता बरेच जण टॅब्लेट ठेवतात आणि पायाने पेडल दाबून पान बदलतात, त्यामुळे आमची जमात कमी होत चाललीय, पण कागदवाले अजून आहेत.

या खुर्चीत बसून मला पहिली गोष्ट काय कळली, तर पियानोवाल्याला पानं उलटायला माणूस लागतो आणि बाकीच्यांना का लागत नाही. पियानोवाल्याच्या समोर सगळ्यांचं म्युझिक छापलेलं असतं, वर बारीक ओळींमध्ये व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि खाली त्याचं स्वतःचं. त्यामुळे पान चटकन संपतं. व्हायोलिनवालीसमोर मात्र फक्त तिचाच पार्ट असतो. ती गप्प असते तेव्हा तिच्या कागदावर नुसते रेस्टचे आकडे असतात, फार तर दुसऱ्या कोणाचे दोन-चार सूर आठवणीपुरते बारीक छापलेले. म्हणजे चेलोवाला काय वाजवतोय हे तिला समोर वाचता येत नाही, ते ऐकूनच कळणार. समोर काठी घेऊन उभा असलेला कंडक्टर पण नाही. ऑर्केस्ट्रात एका पार्टला दहा-बारा व्हायोलिनं असतात, एकाचं चुकलं तर झाकून जातं. इथे एका पार्टला एकच माणूस, चुकलं की उघडं. चेंबर म्हणजे खोली, हे म्युझिक मुळात खोलीत बसून वाजवायचं, त्यामुळे जितकं जवळ बसाल तितकं चांगलं.

आता ‘विद्यार्थीच’ या शब्दाबद्दल. कॉन्झर्व्हेटरी हा शब्द आला नेपल्सच्या अनाथाश्रमांवरून, तिथे सांभाळलेल्या मुलांना म्युझिक शिकवायचे, कॉन्झर्व्हारे म्हणजे सांभाळणे, जपणे. पण आजची कॉन्झर्व्हेटरीतली मुलं म्हणजे नवशिकी नव्हेत. वय अठरा ते पंचवीस असेल पण त्यातली बहुतेक पाच-सहा वर्षांची असल्यापासून वाजवतायत, ऑडिशन देऊन आत आलीत, आणि वय म्हणाल तर मेंडेल्सननं आपलं स्ट्रिंग ऑक्टेट, म्हणजे आठ तंतुवाद्यांचं पीस, १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी लिहून ठेवलंय. माझं मत विचाराल तर चेंबर म्युझिक मला विद्यार्थ्यांचं जास्त आवडतं. नावाजलेले सोलो कलाकार एखाद्या फेस्टिव्हलला एकत्र आले की कधीकधी दोन-तीन रिहर्सलमध्ये उभं केलेलं असतं, उत्तम असतं पण चौघं चार बाजूला छान वाजवतायत असं वाटतं. ही मुलं एकच पीस दोन-दोन महिने घेऊन बसलेली असतात, भांडलेली असतात, आणि ते भांडण मिटलंय की नाही ते स्टेजवर दिसतं.

पहिला सूर यायच्या आधी बघा. फर्स्ट व्हायोलिनवाली नाकाने श्वास घेते, चांगला ऐकू येईल असा, आणि व्हायोलिन किंचित वर उचलते. त्या श्वासातच स्पीड असतो. श्वास भराभर घेतला तर म्युझिक भराभर, संथ तर संथ, आणि बाकीचे तिघं तिच्याबरोबर श्वास घेतात. पियानोवाला वाद्य उचलू शकत नाही म्हणून तो मान नाहीतर मनगट वापरतो.

हायडनचं क्वार्टेट १७८१ चं, त्याला टोपणनावच ‘द जोक’ आहे, आणि तुमचा टाळ्यांचा प्रश्न नेमका इथेच येतो. शेवटची मूव्हमेंट, म्हणजे पीसचा शेवटचा भाग, पळती, हलकीफुलकी, आणि संपताना काय होतं, एक तुकडा वाजतो आणि थांबतो, शांतता, परत तुकडा, परत शांतता, लोकांना वाटतं झालं. मग आणखी लांब शांतता. मग अगदी हळू आवाजात पहिलाच तुकडा परत, जणू आता सगळं पहिल्यापासून सुरू, आणि तिथेच खरंच संपतं. दर वेळी कोणीतरी मध्येच टाळी वाजवतो आणि हायडनला तेच हवं होतं, त्यामुळे तुमची वाजली तर लाजायचं कारण नाही. फक्त त्या शांततेत चौघांचे चेहरे बघा, हसू दाबणं हा सुद्धा रिहर्सल करायचा भाग असतो.

बाकी टाळ्यांचा रिवाज एवढाच, की एका पीसमध्ये तीन-चार मूव्हमेंट असतात आणि सगळ्या झाल्यावर वाजवायच्या. कायदा वगैरे नाही हा. मोझार्टनं १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना खुशीत लिहिलं होतं, की त्याच्या सिंफनीत वाजवता वाजवताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण आता शांत बसतात, तर शांत बसा. मोजत बसायची गरज नाही, बो, म्हणजे तारांवर घासायच्या काठ्या, खाली येतात का आणि खांदे सैल पडतात का ते बघा. बो हवेतच असेल तर संपलेलं नाही. आणि पानं उलटणारी व्यक्ती असेल तर तिच्याकडे बघा, ती अजून कागदाकडे डोळे लावून बसली असेल तर नक्की संपलेलं नाही.

शोस्ताकोविचचा ट्रिओ १९४४ चा, महायुद्ध चालू होतं आणि त्याचा जवळचा मित्र सोलर्टिन्स्की त्याच वर्षी गेला, त्याच्या आठवणीत लिहिलाय. सुरुवातीला चेलो एकटा वाजतो आणि तुम्हाला वाटेल हे कुठलं तरी भलतंच वाद्य आहे, शिट्टीसारखा बारीक, गारठलेला आवाज. तार नेहमीसारखी दाबायची नाही, अंगठा दाबून वर दुसरं बोट नुसतं टेकवायचं, की सूर दोन ऑक्टेव्ह, म्हणजे दोन सप्तकं, वर जातो. बोट केसभर हललं तर सूर चिरकतो नाहीतर उमटतच नाही. तीन वाद्यांत सगळ्यात खालचा आवाज ज्याचा, तो सगळ्यात वर, मग त्याच्या खाली व्हायोलिन, त्याच्या खाली पियानो, म्हणजे सगळं उलटं. हे एकट्याने, हॉल पूर्ण शांत असताना, बोटं गार पडलेली असताना वाजवायचं. मी तीन वेगवेगळ्या चेलोवाल्यांना सुरू करायच्या आधी हात पँटला पुसताना पाहिलंय. तिसऱ्या मूव्हमेंटला पियानो आठ कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, वाजवतो, जड, सावकाश, आणि तेच आठ परत परत, एकूण सहा वेळा, वरती व्हायोलिन आणि चेलो बोलत राहतात. मोजून बघा हवं तर. चौथी मूव्हमेंट न थांबता त्यालाच जोडून येते, नाचाची चाल आहे पण कोणाला नाचावंसं वाटणार नाही अशी, आणि अगदी शेवटी ते कॉर्ड्स परत येतात. शेवट हळू आवाजात होतो. तिथे टाळ्यांची घाई करू नका, प्लीज.

शुमन मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझी फजिती त्यातलीच आहे. १८४२ हे त्याचं चेंबर म्युझिकचं वर्ष, तीन स्ट्रिंग क्वार्टेट, पियानो क्विंटेट आणि हे पियानो क्वार्टेट, सगळं एका वर्षात. दुसरी मूव्हमेंट स्केर्झो, प्रचंड फास्ट, पियानो आणि चेलो चोरपावलांनी पळत सुटतात. पानं पण पळतात. एकदा माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली, चिकटली होती. पियानोवाल्या मुलाने एक हात वाजवत ठेवला, दुसऱ्याने पान मागे आणायला गेला, तेही हुकलं, आणि मग तो दोन-तीन ओळी आठवणीवर ढकलत राहिला, निम्मे सूर गाळून. पण मी जे बघितलं ते असं, की चेलोवालीने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि ती एकदम स्पष्ट वाजवायला लागली, प्रत्येक सूर टोचून, म्हणजे त्याने कुठे पोचायचं ते तिच्या आवाजावर चढून कळावं. व्हायोलावाला मानेने बीट द्यायला लागला. पान सापडलं, तो परत आत आला, सगळं मिळून दहा सेकंद. हॉलमध्ये बहुतेकांना पत्ताही लागला नाही. मला मात्र नंतर कॉफी पाजावी लागली, चौघांना.

त्याच्या पुढची मूव्हमेंट संथ आहे, चेलोची चाल इतकी सुंदर की मी वर्णन करायच्या फंदात पडत नाही. ती चाल मग व्हायोलिनकडे जाते, नंतर व्हायोलाकडे, आणि शेवटाकडे चेलो बराच वेळ गप्प बसतो. तेव्हा बाकी सगळं सोडून चेलोवाल्याकडे बघा. तो डाव्या कानामागची खुंटी पिळत असतो. शुमनला शेवटी एक असा खालचा सूर हवाय जो चेलोवर मुळात नाहीच, सगळ्यात जाड तार सी या सुराला लावलेली असते आणि याला हवाय त्याच्या एक पूर्ण सूर खालचा बी फ्लॅट. मग बाकीचे तिघं वाजवत असताना ती तार गुपचूप उतरवायची, अंगठ्याने इतकी हळू छेडायची की फक्त स्वतःला कळावं, सुरात आहे की नाही ते खात्री करायला दुसरी संधी नाही, आणि मग तो लांब सूर धरायचा. मूव्हमेंट संपली की तार परत चढवायची, तेव्हा मध्ये जरा थांबतात, त्या थांबण्याचा अर्थ टाळ्या असा घेऊ नका.

या तारेवरून रिहर्सलमध्ये झालेला एक घोळ सांगते, कारण तुम्ही देशोदेशीचे विद्यार्थी म्हणालात. जर्मनमध्ये बी म्हणजे बी फ्लॅट, आणि इंग्रजीत ज्याला बी म्हणतात त्याला तिथे एच म्हणतात. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, रशियन मुलं तर दो रे मी वर. चेलोवाला जर्मनमध्ये शिकलेला, व्हायोलिनवाली इंग्रजीत. ती म्हणाली, तार बी पर्यंतच उतरवलीस ना, तो म्हणाला हो बी पर्यंतच, ती म्हणाली मग चुकलंय, बी फ्लॅट हवाय, तो म्हणाला तेच तर म्हणतोय. पाच मिनिटं चाललं हे. शेवटी पियानोवालीने वैतागून पियानोवर तो सूर वाजवून दाखवला आणि दोघं गप्प. पियानोचा तसाही फायदा तोच आणि त्रासही तोच, त्याचे सूर एकदा लावले की लावले, बाकीच्यांना बोटं सरकवून जुळवून घ्यावं लागतं. कॉन्सर्टच्या सुरुवातीला वाद्यं जुळवायचा ए हा सूर सुद्धा त्याच्याकडूनच घेतात.

बसायचं कुठे, तर बहुतेक लोक पियानोवाल्याची बोटं दिसावीत म्हणून डावीकडे बसतात. तुम्ही किंचित उजवीकडे बसा, तिथून त्याचा चेहरा दिसतो. तो कीबोर्डकडे फार बघत नाही, तो व्हायोलिनच्या बोकडे बघत असतो. आणि पियानो ‘साथीला’ आहे असं मनात धरून जाऊ नका, चौघंही बरोबरीचे. पियानोचं झाकण पूर्ण उघडं असेल आणि तरी व्हायोला ऐकू येत असेल तर समजा पियानोवाला गुणी आहे.

सगळं मिळून मध्यंतर धरून दोन तासांच्या आत सुटाल. नंतर मुलं बाहेर येतात, भेटलेलं त्यांना आवडतं, लोक व्हायोलिन आणि पियानोभोवती गर्दी करतात. तुम्ही आधी व्हायोलावाल्याकडे जा, त्याच्याकडे सहसा कोणी जात नाही.