‘त्याला थोडा व्यवहार शिकवा’

गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणाऱ्या पालकांच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकते आहे. “आम्ही मुलाला खरेपणानं वागायला शिकवलं, पण आता त्यात त्याचंच नुकसान होतंय. तुम्हीच त्याला थोडा व्यवहार शिकवा.” मूल खोटे बोलते, कॉपी करते, अशी तक्रार घेऊन येणारे पालक आजही येतात. मात्र दहावी संपून मुले अकरावीच्या दारात उभी राहिली की ही दुसरी चिंता बळावते. लहानपणी ज्या गुणाचे कौतुक करून थकलो नाही, तोच आता मार्कांच्या आड येतो की काय, असे आई-बाबांना वाटू लागते. अशाच एका कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून, येथे सांगते.

मुलगा अकरावी विज्ञान शाखेत होता. घर कोथरूडला, बाबा भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात, आई शिकवण्या घेणाऱ्या. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये साध्या लंबकाचा प्रयोग होता. लंबकाची लांबी आणि वीस दोलनांना लागलेला वेळ मोजून त्यावरून गुरुत्वीय त्वरणाची किंमत काढायची. ती ९.८ च्या आसपास येते, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. याचे उत्तर मात्र १०.८ आले. सरांनी सांगितले, “रीडिंग नीट करून आण, मग सही करतो.” बॅचमधल्या बहुतेकांनी गेल्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे उतरवले होते. याने नकार दिला, मित्रांना ‘खोटारडे’ म्हटले, आणि त्यानंतर हळूहळू प्रॅक्टिकललाच जाणे सोडले.

पहिल्या भेटीत बाबा म्हणाले, “मॅडम, मूल्यं आम्हालाही हवी आहेत. पण हे कॉलेजचं जर्नल आहे. सगळेच करतात, मग हा एकटाच का अडून बसतो?” मुलगा खिडकीबाहेर, कर्वे रस्त्यावरून जाणाऱ्या मेट्रोकडे पाहत होता. मान न वळवता तो म्हणाला, “तुम्हीच शिकवलंत ना, बाबा.”

मी ज्या विचारसरणीने काम करते ती विवेकनिष्ठ पद्धती अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडली. माणसाला घडलेली घटना जितकी छळते, त्याहून अधिक त्या घटनेभोवती त्याने बांधलेला हट्ट छळतो, हे तिचे मर्म आहे. त्यामुळे त्याने आकडा बदलायला हवा होता की नको, या वादात मी पडले नाही. आकडा बदलायला नकोच होता, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. पण मग योग्य वागलेला हा मुलगा इतका कडवट का झाला होता? रात्री झोप नाही, मित्रांशी अबोला, घरात धुसफूस. पुढच्या दोन-तीन भेटींत त्याचा हट्ट शब्दांत आला. “सगळ्यांनी खरं वागलंच पाहिजे. जे वागत नाहीत त्यांची लायकीच नाही.”

ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाचा अभ्यास केला आणि १९२८ ते १९३० या काळात तो प्रसिद्ध केला. तो मी त्याला सोप्या शब्दांत सांगितला. एका प्रसंगी प्रामाणिक असलेले मूल दुसऱ्या प्रसंगी तसे असेलच असे नाही, असे त्या दोघांना आढळले होते. मुलांचे ‘खरी’ आणि ‘खोटारडी’ असे दोन कायमचे गट पाडता येत नाहीत. जर्नलमध्ये आकडे उतरवणारा मित्र सापडलेले पाकीट परत करणारा असू शकतो. मुलाने ऐकून घेतले, पण त्याला ते पटले नाही. उपदेशाने कडवटपणा उतरत नाही, हे मला त्या दिवशी पुन्हा जाणवले.

पुढच्या भेटीत मी त्याला म्हटले, “मला विज्ञान कळत नाही. तो प्रयोग मला करून दाखवशील?” माझ्या टेबलाच्या खणात एक जुने पितळी कुलूप होते. त्याने त्याला दोरा बांधला, तो खिडकीच्या गजाला अडकवला, फोनमधले स्टॉपवॉच काढले आणि कुलूप हलके बाजूला ओढून सोडले. बटण दाबताना तो “एक” म्हणाला. मीही शेजारी बोटांवर मोजत होते. लहानपणी माझी आई भिशीचे पैसे मोजायची तसे, एक फेरी पुरी झाली की एक बोट. त्याने “वीस” म्हणून बटण थांबवले तेव्हा माझी एकोणीस बोटे झाली होती.

मी म्हटले, “माझे एकोणीसच झाले. बहुधा मीच चुकले असेन.”

तो काही बोलला नाही. त्याने कुलूप पुन्हा सोडले. या वेळी बटण दाबताना तो “शून्य” म्हणाला आणि लंबक एक पूर्ण फेरी करून परत आल्यावर “एक”. वीस झाल्यावर तो खुर्चीत बसला, फोनवरच्या गणकयंत्रात काहीतरी करत राहिला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “एकोणीस दोलनांच्या वेळेला मी विसानं भागत होतो. म्हणून १०.८.”

मी विचारले, “म्हणजे तुझा आकडा खरा होता?”

“खरा होता. पण बरोबर नव्हता.” जरा थांबून तो पुढे म्हणाला, “मॅडम, मी तो बदलला नाही एवढंच केलं. तो तसा का आला, हे मी एकदाही विचारलं नाही.”

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले आहेत, आणि या क्षणाचे समाधान मी लपवणार नाही. त्या मुलाने आपल्या आकड्यावर पहारा ठेवला होता. ‘मी खोटे लिहिले नाही’ यापाशी त्याचा प्रामाणिकपणा थांबला होता आणि उरलेली जागा अभिमानाने भरून काढली होती. आकडे उतरवणाऱ्या मित्रांना ती चूक कधीच सापडणार नव्हती, कारण त्यांच्या वहीत ती उरलीच नव्हती. याच्या वहीत ती होती, पण त्याने तिच्याकडे पाहिले नव्हते. आपल्या शाळांच्या परिपाठात मूल्यशिक्षणाची जी दहा मूल्ये सांगितली जातात, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन हे एक आहे, आणि १९७६ मध्ये राज्यघटनेत आलेल्या कलम ५१-क मध्ये तो जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. मुले ही यादी पाठ म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र त्याच मुलांना उत्तर आधी आणि निरीक्षण नंतर, अशी सवय लागते. नीतीचा तास वेगळा आणि भौतिकशास्त्राचा वेगळा, ही वाटणीच मला घातक वाटते.

त्यानंतरच्या भेटीत बाबांना मी एवढेच विचारले, “तुमच्या कारखान्यात एखाद्या भागाचं माप बसलं नाही तर काय करता?” ते लगेच म्हणाले, “भाग बाजूला काढतो, कारण शोधतो. आणि चुकून आकडा चुकीचा लिहिला गेला तरी तो गिरवून पुसत नाही. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा आणि सही.” बोलता बोलता ते थबकले. मग मुलाकडे वळून त्यांनी, बहुधा पहिल्यांदाच, आपल्या कामाचा दिवस कसा जातो ते त्याला सविस्तर सांगितले. मी मध्ये बोलले नाही.

मुलाने जर्नलमध्ये जुन्या रीडिंगांवर एकेक रेघ मारली, मोजणीतली चूक एका वाक्यात लिहिली आणि नवी रीडिंगे घेतली. उत्तर ९.७ आले. सरांनी सही केली. ज्यांना ‘खोटारडे’ म्हटले होते त्यांतल्या एकाची माफी मागून त्याने त्यालाही शून्यापासून मोजून दाखवले.

‘व्यवहार शिकवा’ म्हणणाऱ्या पालकांना मी आता पुढील गोष्टी सांगते. मुलाला किती मार्क पडले हे विचारण्याआधी उत्तर कसे काढलेस ते विचारा, आणि ते ऐकायला खरोखर वेळ काढा. खरे वागण्याची किंमत कधी कधी मोजावी लागते, हे मुलापासून लपवू नका. किती नुकसान आपल्या घराला सोसवेल ते त्याच्यासमोर आधीच बोलून ठेवा, म्हणजे दोन मार्क गेल्यावर घरात सुतक पडणार नाही. आपण खरे सांगायला शिकवतो, पण सांगितल्यानंतर जे घडते ते झेलायला कोणी शिकवत नाही, आणि तिथे मूल एकटे पडते. मुलगा इतरांना नावे ठेवू लागला तर त्याच्या बाणेदारपणाचे कौतुक करत बसू नका. त्या तिरस्काराखाली बहुधा भीती असते. आणि शिक्षकांना खलनायक ठरवू नका. एका तासात पूर्ण बॅचच्या वह्या तपासणाऱ्या माणसाची अडचण मुलालाही कळली पाहिजे.

दोन महिन्यांनी मुलाच्या आईचा फोन आला. दुसऱ्या एका प्रयोगात त्याचे उत्तर पुन्हा जुळले नव्हते. त्याने तीन वेळा रीडिंगे घेतली, तरी कारण मिळाले नाही. शेवटी त्याने आलेले आकडे लिहिले आणि खाली ‘फरकाचे कारण सापडले नाही’ असे नोंदवले. त्याचे दोन मार्क कापले गेले. कॉलेजात जाऊन सरांना भेटू का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, आधी त्याला विचारा. त्यांनी फोन तसाच चालू ठेवून हाक मारली, आणि आतून त्याचा आवाज आला, “नको आई, सोमवारी लॅब रिकामी असते. मी परत करून बघणार आहे.”