'इम्युनिटी पॉवर' नाही हो, माफी!

इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की "लहान मुलांची इम्युनिटी पॉवर जास्त असते म्हणून पहिल्या लसी मुलांवर केल्या", तर मराठीत रोगप्रतिकारशक्ती लिहायचं का रोगप्रतिकारक शक्ती? दोन्ही चालतं. जोडून लिहिलंत तर 'क' गाळा, 'क' ठेवलात तर शक्ती सुटी लिहा. झालं.

पण ताई, आधी ते 'पॉवर' खोडा ना! कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर एका ज्यूसच्या गाडीवर लाल रंगात 'इम्युनिटी पॉवर ज्यूस' लिहिलंय, मी त्या पोराला पाच मिनिटं समजावलं की इम्युनिटीत पॉवर नसतेच, तर म्हणे काका, आवळा जास्त टाकू का.

इम्युनिटी आली लॅटिन इम्युनिसवरून, आणि त्यात मूळ शब्द म्युनस, म्हणजे गावकीचं काम, कर, पट्टी. ज्याला ती माफ तो इम्युनिस. रोमन सैन्यात खंदक खणायच्या कामातून सुटलेल्या कारागीर शिपायांनाही हेच म्हणत. आणि गंमत बघा, म्युनिसिपालिटीही त्याच म्युनसची लेक! म्हणजे आपली महापालिका घरपट्टी लावणार आणि इम्युनिटी ती माफ करणार, दोघी एकाच घरातल्या.

आता माझं लाडकं. आपला 'माफ' अरबी मुआफवरून फारसीमार्गे आला, आणि त्याच धातूचा आफिया म्हणजे तब्येत ठणठणीत असणं. म्हणजे सूट आणि आरोग्य एकाच धातूत आधीपासून बसलेलं, लॅटिनला जे जमलं ते आपल्या दप्तरातल्या सारामाफीत कधीचं होतं! म्हणून मी इम्युनिटीला 'रोगमाफी' म्हणतो. परिभाषावाल्यांना 'प्रतिक्षमता' हवी, 'प्रतिरक्षा' हवी, एकाने तर मला 'माफी म्हणजे गुन्हा कबूल करणं' असं सुनावलं. अहो, कर्जमाफीत कोण गुन्हा कबूल करतं? यांनी कधी सातबारा हातात धरलाय का?

आणि रोगमाफी म्हटलं की गोष्टी आपोआप उलगडतात. बाळ आईकडून अँटीबॉडी घेऊन येतं ती मुदतीची माफी, काही महिन्यांत संपते. ती शिल्लक असताना गोवराची लस दिली तर त्या अँटीबॉडीच लशीतला विषाणू निकामी करतात, म्हणून आपल्याकडे पहिला डोस 9 महिने झाल्यावर. पुढे शाळेत सर्दी-खोकला झाला की एकेक पट्टी भरल्याची पावती फाटते. साध्या सर्दीचे कोरोनाविषाणूच 4 आहेत, कोविडमध्ये मुलं बरीचशी हलक्यावर सुटली त्याचं थोडं श्रेय काही जण या जुन्या पावत्यांना देतात, त्यावर वाद आहे.

मेसेजचा उरलेला भाग तर सरळ उलटा. देवीची, म्हणजे स्मॉलपॉक्सची लस मुलांवर केली ती त्यांना माफी नव्हती म्हणून! ज्याला देवी येऊन गेल्या त्याच्या दंडावर फोड धरतच नसे, आणि फोड नाही तर पुढच्याला टोचायला लस कुठली? ही लस काढणाऱ्या इंग्लंडच्या डॉक्टर जेनरने 1796 मध्ये 8 वर्षांचा जेम्स फिप्स निवडला. 1803 मध्ये स्पेनहून 22 अनाथ मुलं जहाजात घालून, वाटेत एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर करत ती लस अमेरिकेत जिवंत नेली. मुंबईत 14 जून 1802 ला ॲना डस्टहॉल या 3 वर्षांच्या मुलीला टोचली, तीही बगदाद-बसऱ्याकडून अशीच दंडोदंडी आलेली. पुढे हिंदुस्थानात लस पसरली ती या पोरीच्या फोडापासून.

त्या फोडातून पाझरतं ते पातळ पाणी म्हणजेच लस. जखम चिघळली की आजही आपण 'लस येतेय' म्हणतो ना, तीच. तेव्हा 'लसीकरण घेतलं का' असं विचारणाऱ्यांनो, लस घ्या, लसीकरण सरकारला करू द्या. माझी आजी तर 'देवी काढल्या' म्हणायची आणि दंडावरचे दोन वण दाखवायची, रुपयाएवढे.