बाबांचं डायलिसिस आणि सत्तर किलोमीटरची एसटी

प्रश्न: ताई, माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत, शुगरमुळे दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, तेही जिल्ह्याला, आमच्या गावापासून ७० किलोमीटर. डायलिसिसचे पैसे योजनेतून जातात पण गाडीभाडं, चहापाणी आणि माझी बुडालेली रोजी कोण देणार. आता डॉक्टर म्हणतात तीनदा करा. तालुक्याला मशीन का बसवत नाहीत? आणि एखाद्या वेळी नाही गेलं तर चालतं का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: दादा, शेवटचं आधी सांगते, नाही चालत. मी बारा वर्षं डायलिसिस युनिटला टेक्निशियन होते, मोठा गॅप पडलेला पेशंट दारातून आत आला की फाईल न बघता कळायचं, चप्पल पायात मावत नाही, बोलता बोलता मधेच दम घेतात, आणि विचारलं की सांगतात रात्रभर बसून झोपलो. अंगात पाणी साठतं ते दिसतं तरी, पोटॅशियम वाढतं ते दिसत नाही आणि त्यानेच हृदय बंद पडतं. त्यामुळे खरंच जाता आलं नाही तर त्याच दिवशी युनिटला फोन करून दुसऱ्या दिवशीची शिफ्ट मागा आणि तोवर पाणी मोजून, केळी नारळपाणी बंद. दोनदा की तीनदा हे बाबांना अजून लघवी किती होते त्यावर पण असतं, काहींचं दोनदात भागतं, म्हणून एक दिवस २४ तासांची लघवी मोजून डॉक्टरांना आकडा सांगा.

आता तालुक्याला मशीन का नाही. लोकांना वाटतं मशीन आणलं की झालं. मी एका ठिकाणी नवीकोरी मशीन प्लास्टिक न काढता आठ महिने पडलेली बघितलीय, कारण पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट नव्हता. एका पेशंटच्या चार तासांत मशीनच्या फिल्टरमध्ये रक्ताच्या पलीकडून साधारण १२० लिटर पाणी जातं, ते साधं बोअरचं चालत नाही, आणि आरओत वाया जातं ते वेगळं. मग लाईट, जनरेटर, टेक्निशियन, आणि अडचण आली तर फोनवर तरी सापडणारा किडनीचा डॉक्टर. हे सगळं जमवायचं म्हणून सेंटरं शहरातच होतात. २०१६ च्या बजेटच्या भाषणातच सरकारने सांगितलं होतं की देशात दरवर्षी २.२ लाख नवे पेशंट वाढतात आणि ४,९५० च्या आसपास सेंटरं आहेत, बहुतेक प्रायव्हेट आणि मोठ्या शहरांत, त्यात निम्मीच गरज भागते. त्यातूनच जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना आली.

आणि हे आपलंच रडगाणं नाहीये. २०१० साली जगात २६ लाख लोकांना डायलिसिस किंवा किडनी बदलून मिळाली, आणि ती न मिळाल्याने किमान २३ लाख गेले असा अंदाज आहे, बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतले. दक्षिण आफ्रिकेत डर्बनचे सूब्रमनी म्हणून एक गृहस्थ होते, वय ४१, तुमच्या बाबांसारखीच शुगर, वर हृदयाचा आजार. सरकारी दवाखान्याने मशीन कमी आहेत म्हणून नाही म्हटलं, ते पार तिथल्या घटनात्मक कोर्टापर्यंत गेले, १९९७ मध्ये कोर्टाने पण दवाखान्याचीच बाजू घेतली आणि थोड्याच दिवसांत ते वारले. मला तो निकाल पटत नाही, पण मशीन कमी आणि पेशंट जास्त असले की कोणीतरी यादी करतंच, कोर्टात नाही तर ओपीडीच्या बाहेर.

तुमच्या हातात आहे ते बघा. एसटीच्या साध्या बसमध्ये डायलिसिसच्या पेशंटला पूर्ण सवलत आहे, दवाखान्याचं सर्टिफिकेट घेऊन डेपोत विचारा, लाजू नका. रेल्वे जवळ असेल तर डायलिसिसला जाताना स्लीपरमध्ये ७५ टक्के सूट, सोबतच्या एका माणसाला पण. आणि फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ज्यात ऑपरेशन करून शिरा जोडल्यात तो, सांभाळा. रोज सकाळी बोटं ठेवून घरघर लागते का बघायची, त्या हाताचं बीपी नाही, रक्त नाही, पिशवी पण अडकवायची नाही.

प्रश्न: पोटाचं डायलिसिस घरी करता येतं म्हणतात, मग सगळ्यांना तेच का देत नाहीत? (तेच वाचक)

उत्तर: बरं विचारलंत, कारण तुमच्या ७० किलोमीटरवर खरं उत्तर कदाचित हेच आहे. पोटात कायमची मऊ नळी बसवतात, दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढून दुसरी, दिवसातून चारदा. ना मशीन, ना आरओ, ना लाईट. थायलंडने २००८ पासून सरकारी योजनेत आधी हेच द्यायचं ठरवलं, पिशव्या पोस्टाने घरपोच, २०२२ ला मग पेशंटला निवड दिली. आपल्या राष्ट्रीय योजनेत पण २०१९ पासून हे आहे, पण सगळीकडे सुरू नाहीये, म्हणून पुढच्या वेळी या घरच्या पोटाच्या डायलिसिसचं डॉक्टरी नाव घ्या, "सीएपीडी आमच्या जिल्ह्यात मिळतं का" असं नाव घेऊनच विचारा.

भीती इन्फेक्शनची. हात नीट न धुता पिशवी जोडली की पोटात जंतू जातात, काढलेलं पाणी ताकासारखं गढूळ दिसतं, तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना आणि ती पिशवी सोबत न्यायची. घरात हे रोज करणारं एक माणूस पक्कं हवं, तुम्ही कामावर तर आई का वहिनी ते आत्ताच ठरवा. आणि जागा बघा. दिवसाला आठ लिटर म्हणजे महिन्याच्या पिशव्या २४० किलो होतात, त्या ओल लागणार नाही आणि उंदीर येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवाव्या लागतील.